व्हिडिओ फितींच्या अंकीकरणातील चित्रदोष

जुन्या व्हिडिओ फितींवरील सादृश्य (अॅनालॉग) चित्रमुद्रण संगणकीय धारिकेत उतरवून घेण्याच्या क्रियेला व्हिडिओ फितींचे अंकीकरण किंवा डिजिटायझेशन असे म्हणतात. या क्रियेत मूळ फितीवर नसलेले, किंवा असले तरी पूर्वी दूरचित्रवाणी संचावर न जाणवणारे अनेक दोष चित्रात उतरतात. चित्र थरथरणे, पडद्यावर मुंग्या येणे, वरचा भाग वाकणे, रंग पसरणे किंवा नाहीसे होणे, हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसणे हे त्यांतील नेहमी आढळणारे प्रकार होत. यांपैकी काही दोष फितीचे असतात, काही ती वाजवणाऱ्या यंत्राचे, तर पुष्कळसे केवळ जोडणीचे व संगणकावरील चुकीच्या मांडणीचे असतात. दोष कोणत्या पायरीवर निर्माण झाला हे ओळखल्याशिवाय केलेली दुरुस्ती बहुधा वाया जाते. क्वचित ती फितीला अपायही करते.

== पार्श्वभूमी ==

घरगुती वापराच्या फितींमध्ये सोनी कंपनीचा बीटामॅक्स (1975) व जेव्हीसी कंपनीचा व्हीएचएस (1976) हे दोन प्रकार आरंभीचे होत. पुढे कॅमेऱ्यांसाठी व्हीएचएस-सी, 8 मिलिमीटर रुंदीची व्हिडिओ-8 व तिची सुधारित आवृत्ती हाय-8 हे लहान प्रकार आले. भारतात 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्यानंतरच्या दशकात व्हीसीआर मध्यमवर्गीय घरांत पोचला. लग्न, मुंज, बारसे, साठीशांत अशा प्रसंगांचे ‘शूटिंग’ करून घेण्याची प्रथा महाराष्ट्रात याच काळात रूढ झाली. त्यामुळे आज अंकीकरणासाठी येणाऱ्या फितींत चित्रपटांपेक्षा घरगुती समारंभांच्या फितींचे महत्त्व अधिक आहे. चित्रपटाची दुसरी प्रत कोठेतरी मिळू शकते, घरच्या लग्नाची मिळत नाही.

फितीवरील चुंबकीय थर कालांतराने झिजतो व सुटतो. त्याहूनही मोठी अडचण यंत्रांची आहे. व्हीसीआरचे उत्पादन करणारी अखेरची मोठी कंपनी, जपानमधील फुनाई, हिने 2016 मध्ये उत्पादन थांबवले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने 2015 मध्येच असा इशारा दिला होता की, चुंबकीय फितींवरील जे साहित्य 2025 पर्यंत अंकीकृत होणार नाही त्यातील बरेचसे कायमचे हातचे जाईल. आज उपलब्ध असलेले प्रत्येक यंत्र जुने, वापरलेले व सुट्या भागांच्या टंचाईत चालणारे असते, हे चित्रदोषांचा विचार करताना लक्षात ठेवावे लागते.

== फितीवर चित्र कसे साठते ==

व्हीएचएस फीत 12.7 मिलिमीटर रुंद असते. यंत्रात ती 62 मिलिमीटर व्यासाच्या, किंचित तिरक्या बसवलेल्या गोल ढोलाभोवती गुंडाळली जाते. या ढोलावर चुंबकीय हेड बसवलेली असतात आणि भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत ढोल सेकंदाला 25 फेरे घेतो. फीत मात्र सेकंदाला सुमारे 23.4 मिलिमीटर इतक्या संथ गतीने सरकते. त्यामुळे चित्र फितीवर तिरक्या, केसाहूनही बारीक रेघांच्या रूपात लिहिले जाते. फितीच्या खालच्या काठावर नियंत्रण-पट्टा असतो; प्रत्येक तिरकी रेघ कोठे सुरू होते हे यंत्राला त्यावरून कळते. वरच्या काठावर साधा ध्वनी असतो.

पाल पद्धतीत चित्राच्या 625 ओळी असतात व त्यांतील 576 दिसतात. प्रत्येक चौकट दोन अर्धकांची मिळून बनते: एका अर्धकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. ही दोन अर्धके सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतक्या अंतराने टिपलेली असतात. प्रकाशमान व रंग यांचे मुद्रण वेगवेगळे होते आणि रंगाला फितीवर फारच थोडी जागा मिळते. व्हीएचएसचे आडवे तपशील सुमारे 240 रेषांइतकेच असतात. म्हणून उत्तम अवस्थेतील फीतही आजच्या डोळ्यांना धूसर वाटते. हा धूसरपणा दोष नव्हे आणि तो कोणत्याही उपकरणाने ‘दुरुस्त’ होत नाही.

== दोषाचे मूळ शोधणे ==

साखळीतील एका वेळी एकच दुवा बदलून पाहणे ही दोष शोधण्याची सर्वमान्य रीत आहे. संशयित फितीच्या जागी चांगली असल्याची खात्री असलेली, पण मोलाची नसलेली फीत लावून पाहावी. तिच्यातही तोच दोष दिसला तर तो यंत्राचा किंवा त्यापुढील जोडणीचा असतो. यंत्र संगणकाऐवजी थेट दूरचित्रवाणी संचाला जोडल्यावर चित्र स्वच्छ दिसले तर संशय केबल व अंकीकरणाच्या उपकरणाकडे वळतो.

या दुसऱ्या कसोटीला मात्र एक मर्यादा आहे. काचनळीचे जुने संच वेळेच्या लहानसहान चुका सहज पोटात घालत. ओळ थोडी पुढेमागे सुरू झाली तरी ते तिच्या मागे जात. अंकीकरणाचे उपकरण तितके उदार नसते. तेव्हा जुन्या संचावर चित्र बरे दिसले म्हणून फितीवरील संकेत स्थिर आहे असे ठरत नाही.

== फितीची तपासणी ==

फीत यंत्रात घालण्यापूर्वी खोक्याच्या पारदर्शक खिडकीतून गुंडाळीची कड पाहावी. ती गुळगुळीत व एकसारखी काळपट दिसायला हवी. तिच्यावर पांढुरके ठिपके, भुकटी किंवा जाळी असेल तर ती बुरशी होय. कोकण, गोवा व मुंबईसारख्या दमट प्रदेशांत माळ्यावर किंवा लोखंडी कपाटात वर्षानुवर्षे राहिलेल्या फितींत ती फार आढळते. बुरशी लागलेली फीत एकदा जरी वाजवली तरी तिचे कण हेडवर व मार्गदर्शक खुंट्यांवर चिकटतात, आणि पुढे त्याच यंत्रात घातलेल्या निरोगी फितींना संसर्ग होतो. अशा फिती वेगळ्या ठेवाव्यात, कोरड्या हवेत राहू द्याव्यात व जाणकाराकडून साफ करून घ्याव्यात. हाताळताना तोंडावर मुखपट्टी असणे आवश्यक आहे. धान्याप्रमाणे फितींना ऊन दाखवण्याची पद्धत काही घरांत दिसते, पण ती घातक आहे. उष्णतेने फितीचा पाया आक्रसतो व वाकतो.

काही फितींत चुंबकीय कण धरून ठेवणारा बंधक थर ओलाव्याने विघटित होऊन चिकट होतो. अशी फीत चालताना कर्कश आवाज करते, अडखळते व हेडवर तपकिरी थर सोडते. ती तत्काळ थांबवावी. नियंत्रित मंद उष्णता देऊन ती तात्पुरती वाजवण्याजोगी करता येते, पण ते प्रयोगशाळेचे काम आहे, स्वयंपाकघरातील भट्टीचे नव्हे.

खोक्याच्या पाठीमागे डाव्या बाजूला असलेली प्लॅस्टिकची लहान पाकळी शाबूत असेल तर ती आधी मोडून टाकावी. ती असेपर्यंत चुकून मुद्रणाची कळ दाबली गेल्यास मूळ चित्र पुसले जाते. त्यानंतर फीत एकदा शेवटपर्यंत पुढे व पुन्हा मागे फिरवून घेतली की गुंडाळीचा ताण एकसारखा होतो. तुटलेली फीत जोडण्यासाठी साधी चिकटपट्टी वापरू नये. तिचा गोंद पाझरून हेडला लागतो. फुटलेल्या खोक्यातील फीत दुसऱ्या खोक्यात बसवता येते, कारण व्हीएचएसचे खोके पाच स्क्रूंवर जोडलेले असते.

पावसाळ्यात किंवा वातानुकूलित खोलीतून बाहेर आणल्यावर ढोलावर दव साचते व ओली झालेली फीत त्याला चिकटून गुंडाळली जाऊ शकते. बऱ्याच यंत्रांत यासाठी दव-सूचक असतो. फीत व यंत्र काही तास एकाच खोलीत ठेवल्यावरच काम सुरू करणे सुरक्षित असते.

== यंत्रातून येणारे दोष ==

=== मुंग्या ===

संपूर्ण पडद्यावर किंवा एकाआड एक अर्धकात पांढऱ्या ठिपक्यांचा वर्षाव होणे याला मराठी बोलीत ‘मुंग्या येणे’ म्हणतात. तांत्रिक परिभाषेतील कोणत्याही शब्दापेक्षा हा शब्द दोषाचे रूप अधिक नेमके सांगतो. फीत आधी बरी चालत असताना अचानक मुंग्या आल्या तर हेडच्या बारीक फटीत मळ अडकलेला असतो. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला मऊ चामड्याचा तुकडा ढोलावर हलका टेकवून ढोल हाताने फिरवणे ही स्वच्छतेची योग्य रीत आहे. तुकडा कधीही वरखाली घासू नये. हेडचे टोक अतिशय ठिसूळ असते व ते मोडल्यास यंत्र निकामी होते. कापसाच्या काडीचे धागे हेडमध्ये अडकतात, म्हणून ती टाळावी. बाजारात मिळणाऱ्या कोरड्या ‘हेड क्लीनर’ कॅसेटी हेड खरवडतात. त्यांचा वापर क्वचितच करावा.

=== ट्रॅकिंग ===

चित्राच्या एखाद्या आडव्या पट्ट्यातच मुंग्या दिसत असतील व तो पट्टा वर किंवा खाली सरकत असेल तर हेड तिरक्या रेघांवरून नीट जात नाही असा अर्थ होतो. बहुतेक यंत्रे हे आपोआप जुळवतात, परंतु जुन्या, पुनःपुन्हा वाजलेल्या फितींत ही स्वयंचलित सोय सतत चाचपडत राहते व दर काही सेकंदांनी चित्र बिघडवते. अशा वेळी ट्रॅकिंग हाताने लावावे, आणि पट्टा पडद्याबाहेर गेल्यावर त्याला पुन्हा हात लावू नये.

ज्या यंत्रावर मुद्रण झाले त्याच यंत्रावर फीत सर्वांत चांगली चालते, हा जुना अनुभव तांत्रिकदृष्ट्याही खरा आहे. मुद्रण करणाऱ्या कॅमेऱ्यातील खुंट्यांची उंची किंचित चुकलेली असेल तर त्या चुकीसह रेघा फितीवर लिहिल्या जातात आणि नीट जुळवलेल्या यंत्रालाही त्या सापडत नाहीत. घरातील जुना कॅमेरा किंवा व्हीसीआर भंगारात देण्यापूर्वी त्यावर मुद्रित केलेल्या फितींचे अंकीकरण उरकून घ्यावे, ते याच कारणाने. दीर्घ मुद्रणासाठी निम्म्या गतीने भरलेल्या फितींत रेघा अरुंद असल्याने ही अडचण अधिक तीव्र होते.

=== थरथर व वाकलेला माथा ===

दाराची चौकट, खांब, मांडवाचे वासे अशा उभ्या रेषा पाण्यातील प्रतिबिंबासारख्या हलताना दिसणे हा वेळेचा दोष आहे. फीत लवचीक असते. तिच्या ताणातील बारीक फरकांमुळे प्रत्येक ओळ किंचित आधी किंवा उशिरा सुरू होते. ताण बराच बदललेला असेल तर चित्राचा वरचा भाग ध्वजासारखा एका बाजूला झुकतो.

यावर उपाय म्हणजे ‘टाइम बेस करेक्टर’ नावाची योजना. ती प्रत्येक ओळ साठवून योग्य क्षणी पुढे पाठवते. उच्च दर्जाच्या काही एस-व्हीएचएस यंत्रांत ती अंगचीच असते. साध्या यंत्रापुढे चित्र तसेच पुढे पाठवण्याची सोय असलेला विशिष्ट प्रकारचा डीव्हीडी रेकॉर्डर जोडल्यानेही बराच फरक पडतो. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. याच नावाने विकली जाणारी काही बाह्य उपकरणे ओळी नव्हे, तर संपूर्ण चौकटी स्थिर करतात. त्यांनी चौकटी गळण्याचे थांबते, पण उभ्या रेषांची थरथर जात नाही. दोन्ही कामे वेगळी आहेत व खरेदीपूर्वी कोणते हवे हे ठरवणे आवश्यक असते. टाइम बेस करेक्टर संगणकावरील नंतरच्या प्रक्रियेने भरून काढता येत नाही. थरथरलेली ओळ एकदा तशीच साठवली गेली की तिचे मूळ स्थान शोधणे जवळजवळ अशक्य होते.

=== गळके ठिपके व तळाची पट्टी ===

क्षणभर चमकून जाणाऱ्या लहान पांढऱ्या आडव्या रेघा चुंबकीय थर उडाल्याच्या खुणा असतात. चांगली यंत्रे ती जागा शेजारच्या ओळीने भरतात. एकच फीत दोनदा उतरवून दोन्ही प्रती ताडून पाहिल्यास, ज्या रेघा दोन्हींत एकाच जागी येतात त्या फितीच्या व ज्या जागा बदलतात त्या मळाच्या, असे सांगता येते. चित्र थोपवून धरणे टाळावे. ‘पॉज’ अवस्थेत फीत थांबते, पण ढोल फिरतच राहतो व सेकंदाला 25 फेऱ्यांनी एकाच जागी घासतो.

चित्राच्या अगदी तळाशी काही ओळींची फाटकी, सरकलेली पट्टी दिसते तिला मात्र दोष समजू नये. एका हेडकडून दुसऱ्याकडे संकेत जाण्याची ती जागा असते. काचनळीच्या संचाची चौकट तो भाग झाकून टाकत असे, म्हणून पूर्वी ती कोणी पाहिली नव्हती. अंतिम प्रतीत ती काळ्या पट्टीने झाकावी.

== रंगाचे दोष ==

लाल रंग उजवीकडे पसरणे हा व्हीएचएसचा स्वभाव आहे. लग्नाच्या फितीत शालू, कुंकू व मांडवाची झालर यांचे रंग कडेबाहेर सांडलेले दिसतात ते त्यामुळे. प्रतीवरून प्रत काढली की हा विस्कोट वाढतो आणि रंग चित्रापेक्षा खालीही सरकतो. समारंभाच्या फितीत नावे, फुलांच्या चौकटी व पार्श्वसंगीत घालण्याचे ‘मिक्सिंग’ एका फितीवरून दुसऱ्या फितीवर केले जाई. परिणामी घरी मिळालेली फीत मुळातच दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीची असते. नातेवाइकांसाठी काढलेल्या प्रती त्याच्याही पुढच्या. एकाच प्रसंगाच्या अनेक कॅसेटी कुटुंबात असतील तर त्यांतील सर्वांत आधीच्या पिढीची शोधणे हे कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा अधिक लाभदायक ठरते.

रंग पूर्ण नाहीसा होऊन चित्र कृष्णधवल दिसू लागले तर बहुधा पद्धतींचा मेळ बसलेला नसतो. अमेरिका व कॅनडा येथे 525 ओळींची, सेकंदाला सुमारे 29.97 चौकटींची एनटीएससी पद्धत होती. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी घरी पाठवलेल्या फिती याच पद्धतीच्या असतात. भारतातील अनेक व्हीसीआर त्या ‘वाजवतात’, परंतु बाहेर देतात तो संकेत ना धड पाल असतो ना एनटीएससी. दूरचित्रवाणी संच तो चालवून घेतो, अंकीकरणाचे उपकरण घेत नाही. एनटीएससी संकेत अस्सल रूपात बाहेर देणारे बहुपद्धती यंत्र वापरणे व उपकरणातही तीच पद्धत निवडणे हा उपाय आहे.

== जोडणीतील दोष ==

यंत्राच्या अँटेना-जोडणीतून घेतलेले चित्र सर्वांत निकृष्ट असते. पिवळ्या टोकाच्या संयुक्त व्हिडिओ केबलने ते सुधारते. मात्र तीत रंग व प्रकाशमान एकत्र मिसळून पुन्हा वेगळे करावे लागतात, त्यामुळे रंगीत कडांवर ठिपके सरकताना दिसतात. एस-व्हिडिओ जोडणीत हे दोन्ही वेगळेच वाहतात. यंत्रावर ती सोय असल्यास तिचाच वापर करावा.

चित्रावरून हळूहळू सरकणारे रुंद, मंद आडवे पट्टे विजेच्या भूसंपर्कातील फरकामुळे येतात. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवल्यास पट्टे गेले, तर निदान पक्के झाले असे समजावे.

चित्र ठरावीक काळाने उजळते व काळवंडते, हा प्रकार बाजारात विकल्या गेलेल्या चित्रपटांच्या फितींत आढळतो. प्रत काढण्यास प्रतिबंध म्हणून त्यांत मुद्दाम घातलेल्या मॅक्रोव्हिजन संकेतांचा तो परिणाम असतो; त्यात कोणतेही यंत्र बिघडलेले नसते. उलट घरगुती फितीतील खराब संकेतालाही काही उपकरणे चुकून असा प्रतिबंध समजतात व मुद्रण नाकारतात.

== अंकीकरणाच्या वेळचे दोष ==

संगणकावर कंगव्याचे दाते दिसतात ते आधी सांगितलेल्या दोन अर्धकांमुळे. फेर धरणाऱ्या मुलींचे हात किंवा अक्षता टाकणाऱ्यांची बोटे अशा जलद हालचालीत ते ठळक होतात. दाते दिसले म्हणून अंकीकरण चुकले असे नव्हे. पूर्ण 576 ओळी उतरल्याची ती खूणच आहे. खरी चूक दाते टाळण्यासाठी कमी ओळींत मुद्रण करण्याची असते. 288 ओळींत मुद्रण केल्यास अर्धी माहिती व हालचालीचा सफाईदारपणा दोन्ही जातात. मूळ धारिका अर्धकांसह जशीच्या तशी ठेवावी. पाहण्याच्या प्रतीसाठी अर्धके वेगळी करून सेकंदाला 50 चौकटी कराव्यात. चित्राचा आकार बदलण्याचे काम त्यानंतरच करावे. आधी केल्यास दोन अर्धकांच्या ओळी एकमेकींत कायमच्या मिसळतात. अर्धकांचा क्रम उलटा धरला गेला तर माणसे दोन पावले पुढे, एक मागे अशी चालू लागतात.

धारिकेत 720 × 576 बिंदू असतात, पण ते चौरस नसतात. चित्र 4:3 प्रमाणात दाखवले नाही तर चेहरे ताणलेले दिसतात. रुंद पडदा भरावा म्हणून चित्र ताणणे किंवा डोके-पाय कापणे हा आजकाल फार आढळणारा व पूर्णपणे टाळता येण्याजोगा दोष आहे.

उजळपणाची पातळी मुद्रणापूर्वी जुळवावी लागते. लग्नाच्या चित्रीकरणात शूटिंगवाल्याच्या सोबतीचा मुलगा प्रखर दिवा थेट तोंडावर धरत असे. त्या झोतात पांढरे सदरे, टोप्या व उजळ चेहरे आधीच मर्यादेपर्यंत पोचलेले असतात. 8 बिटांच्या धारिकेत पांढऱ्याची नेहमीची मर्यादा 235 व काळ्याची 16 असते. उपकरणाने त्याबाहेरील भाग कापला की त्या जागी केवळ सपाट पांढरा डाग उरतो व तो पुढे कोणत्याही प्रक्रियेने भरून येत नाही. मुद्रण थोडे मंद ठेवून नंतर उजळणे नेहमीच शक्य असते.

चौकटी गळणे हा दोष चित्रात धक्क्यांच्या व ध्वनीत ओठ-आवाज न जुळण्याच्या रूपाने दिसतो. एक तासाच्या पाल फितीतून 90,000 चौकटी उतरायला हव्यात. धारिकेतील संख्या कमी भरल्यास संकेत तुटत आहे किंवा संगणक मागे पडत आहे. घरगुती वापराच्या स्वस्त उपकरणांसोबत येणारी प्रणाली चित्र मुद्रणाच्या वेळीच जोरात दाबते. मुंग्यांनी भरलेले चित्र दाबणे कठीण असल्याने त्यात चौकोनी ठोकळे उमटतात. हफवाययूव्ही, लॅगॅरिथ किंवा एफएफव्ही-1 यांसारखी माहिती न गमावणारी संक्षेप-पद्धत वापरून हे टाळता येते. अजिबात न दाबलेले 8 बिटांचे चित्र तासाला सुमारे 75 गिगाबाइट जागा घेते. या पद्धतींनी ती निम्म्यावर किंवा त्याखाली येते.

== अंकीय फिती ==

मिनी-डीव्ही व डिजिटल-8 या फितींवरील चित्र मुळातच अंकीय असते. तेथे प्रश्न केवळ नक्कल करण्याचा आहे. कॅमेऱ्याच्या फायरवायर जोडणीतून तासाला सुमारे 13 गिगाबाइट माहिती जशीच्या तशी उतरते. पिवळ्या केबलने चित्र काढून त्याचे पुन्हा अंकीकरण करणे हा निष्कारण नुकसानीचा मार्ग आहे. या फितींतील बिघाड मुंग्यांऐवजी गोठलेल्या चौकोनांच्या रूपात दिसतो व बहुधा हेड स्वच्छ केल्यावर जातो.

== नंतरची प्रक्रिया ==

मुंग्या कमी करणे, रंग सारखे करणे व तळाची पट्टी झाकणे ही कामे सौम्यपणे केल्यास उपकारक ठरतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र मोठे व रेखीव करणाऱ्या प्रणालींबाबत मात्र सावधगिरी आवश्यक आहे. फितीवर नसलेला तपशील त्या शिकलेल्या चेहऱ्यांच्या आधारे नव्याने रचतात. दूरवर बसलेल्या वृद्ध स्त्रीचा चेहरा अशा प्रक्रियेनंतर स्पष्ट दिसतो, पण तो त्या स्त्रीचा असेलच असे नाही. ज्या कुटुंबाकडे तिचे दुसरे छायाचित्र नाही त्यांच्यासाठी हा फरक क्षुल्लक नाही. प्रक्रिया केलेली प्रत वेगळी ठेवावी व मूळ धारिका अस्पर्शित राहू द्यावी.

== फितींचे पुढे काय करावे ==

अंकीकरण झाल्यावर फीत टाकून देण्याची घाई करू नये. हेडवरील कच्चा संकेत थेट टिपून चित्राची उकल संगणकावर करणारी व्हीएचएस-डिकोडसारखी मुक्त प्रणाली विकसित झाली आहे व तिच्यात टाइम बेस करेक्टरचे कामही संगणकच करतो. आज सदोष उतरलेली फीत त्या मार्गाने पुन्हा उतरवता येऊ शकते, अर्थात फीत शिल्लक असेल तरच. फिती पूर्ण गुंडाळून, पुस्तकांप्रमाणे उभ्या, कोरड्या व थंड जागी, ध्वनिवर्धकासारख्या चुंबकीय वस्तूंपासून दूर ठेवाव्यात. दीर्घ जतनासाठी सामान्यतः 18 ते 20 अंश सेल्सिअस तापमान व 30 ते 40 टक्के सापेक्ष आर्द्रता सुचवली जाते. घरात ती राखणे कठीण असते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यापूर्वी बदलणे हा त्यातल्या त्यात व्यवहार्य पर्याय आहे.